भातवाल्या बाईंचं नाव

भात फुलायच्या दिवसांत सकाळी दहाच्या सुमाराला बाई कुणालाही भेटत नसत. एकदा मोठे साहेब भात संशोधन केंद्रावर पाहणीला आले आणि बैठकीत बाईंची खुर्ची रिकामी. शिपाई खाचरात बोलवायला गेला. बाई चिखलात वाकलेल्या. वर न बघता म्हणाल्या, "साहेबांना सांग, फूल तासाभरात मिटतं. साहेब कुठे मिटतायत?" शिपायाने निरोप जसाच्या तसा पोचवला आणि बाईंची बढती लांबली. ही गोष्ट त्या हसत सांगायच्या. मला कधी हसू आलं नाही.

त्यांचं नाव इंदुमती. महाडमध्ये सगळे त्यांना भातवाल्या बाईच म्हणत, पण नाव आधी सांगून ठेवते, कारण माझा सगळा राग त्या नावापायी आहे. वरंधजवळच्या वाडीतली, बौद्ध घरातली ही मुलगी शिकली आणि त्या केंद्रात भाताचे संकर करणारी पहिली बाई झाली. निवृत्तीनंतर त्या चवदार तळ्यामागच्या गल्लीत राहायच्या. इंग्रजी पत्रं लिहायला कुणीतरी हवं होतं म्हणून आईने मला पाठवलं. घरात बाई वाडीचीच भाषा बोलत.

"बस गो, कॉन्व्हेंट. भात कसं फुलतं, ठाव हाय?"

"नाही."

"मग नुसतं खातेस व्हय?"

भाताच्या एवढ्याशा फुलात सहा पुंकेसर असतात. संकर करायचा तर फूल उघडण्याआधी त्याचं टोक कापून चिमट्याने सहाही काढायचे, लोंबीला कागदी पिशवी घालायची आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या वाणाचे पराग त्यावर झटकायचे. "पाच काढलेस नि एक ऱ्हायला, की झाड आपलं आपणच लगीन लावून घेतं," त्या म्हणायच्या. "मग वर्षभर वऱ्हाडाची वाट बघत बस!"

कुडपणच्या पठारावरचा लाल भात चवीला गोड, पण उंच. वारा सुटला की आडवा. तिथल्या सखूआत्येने बाईंच्या ओंजळीत मूठभर बी घातलं आणि सांगितलं, "बाय, ह्याला उभं ऱ्हायाला शिकव." त्या शिकवणीत बाईंची अकरा वर्षं गेली. आता तो भात पोलादपूरच्या डोंगरात वाऱ्यात उभा असतो. त्यांच्या वह्यांत प्रत्येक संकराची नोंद आहे, आधी आईचा वाण, मग बापाचा. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "आमच्या धंद्यात आईचं नाव पयलं. नियम हाय तो, कुणा साहेबाची मेहरबानी नाय."

केंद्राने त्या वाणावर पुस्तिका काढली. पहिल्या पानावर केंद्रप्रमुख साहेबांचा फोटो. आतही साहेबांचंच नाव. शेवटच्या पानावर आभार, त्यात 'महिला कर्मचारी वर्ग'. अकरा वर्षं एकटीने चिमटा धरलेली बाई म्हणजे वर्ग! सखूआत्या तर त्या वर्गातही नव्हती.

मग महिलादिनाला गावात सत्कार झाला. सूत्रसंचालक म्हणाला, बाईंनी संशोधनाला मोलाचा हातभार लावला. बाईंनी शाल घेतली, माईक जवळ ओढला. "हातभार साहेबांचा होता. त्यांनी सह्या केल्या. संकर मी केला." लोक खळखळून हसले. टाळ्याही पडल्या. त्यांना तो विनोद वाटला. मी तिसऱ्या रांगेत होते. हसले नाही, पण उठून काही बोललेही नाही.

पुस्तिकेची नवी आवृत्ती निघणार असं कळलं तेव्हा बाईंनी केंद्राला पत्र लिहायला घेतलं. शाळेत शिकवलं होतं तशी मी इंग्रजीत 'नम्र विनंती'ने सुरुवात केली. बाईंनी ती ओळ खोडली. "विनंती कशाला? मी काय शाल मागत्येय? चूक दुरुस्त करा, असं लिही." अशी तीन पत्रं गेली. पहिल्याचं उत्तर आलं, तशी नोंद आढळत नाही. दुसऱ्याबरोबर वह्यांच्या प्रती जोडल्या, तर त्या वैयक्तिक वह्या असल्याने ग्राह्य नाहीत. तिसऱ्याचं उत्तर आलंच नाही. वाट बघता बघता बाई गेल्या.

शोकसभेत पुस्तिकेवरचे तेच साहेब बोलले. थकलेत आता, पण आवाज खणखणीत. "बाई शांत, निगर्वी आणि प्रसिद्धीपराङ्मुख होत्या." तीन पत्रं लिहिणाऱ्या बाईला प्रसिद्धीपराङ्मुख! लोकांनी माना डोलावल्या. त्या दिवशीही मी गप्प बसले, आणि ते मला साहेबांच्या भाषणापेक्षा जास्त लागलं.

चौथं पत्र मी मराठीत लिहिलं, माझ्या सहीने, आणि स्वतः घेऊन गेले.

"ठेवून जा, मॅडम," कारकून म्हणाला.

"पोच हवी."

"साहेब जेवायला गेलेत."

"थांबते."

तासाभराने त्याने पत्र उघडलं. "तुम्ही त्यांच्या कोण?"

भाची आहे असं सांगितलं असतं तर सोपं गेलं असतं. "कोणी नाही. इंदुमतीबाईंनी केलेल्या कामाचं पत्र आहे. पोच द्या." आवाज शेजारच्या टेबलांपर्यंत पोचला असावा, कारण दोघांनी वळून पाहिलं.

कारकुनाने माझ्या प्रतीवर शिक्का मारला. तारीख पुसट उमटली.

"पुन्हा मारा," मी म्हणाले.