ज्याच्यावाचून काम अडत नाही

आमच्या विभागप्रमुखांकडे नेतृत्वाविषयी एकच वाक्य होतं. ते दर जुलैत नव्या वर्गाला हात उंचावून ऐकवत, "खरा नेता तो, ज्याच्यावाचून काम अडत नाही!" टाळ्या पडत. मग ते आपल्या खोलीत जात आणि वर्षभर तिथून उंटावरून शेळ्या हाकत. साधा खडू हवा असला तरी त्यांची सही लागे.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी मी नागपुरात या विभागात व्यवस्थापन शिकवायला लागलो. टाय बांधून. नोकरी प्रोबेशनवर होती, आणि तिच्यामुळे माझं लग्नही. मुलगी धंतोलीतली. आमचं दोघांचं कधीच ठरलं होतं, पण तिचे वडील सरकारी कचेरीत हेडक्लार्क. त्यांनी स्वच्छ सांगितलं, "आधी परमनंट व्हा, मंग मुहूर्त पाहू." आणि परमनंट होणं विभागप्रमुखांच्या शेऱ्यावर होतं.

एप्रिलमध्ये ऊन मी म्हणायला लागलं. पुस्तक अमेरिकेतलं, त्यामुळे पत्र्याच्या छताखाली घाम पुसत मी शिकवत होतो, की बर्फात ट्रक अडकला तर मॅनेजरनं काय करावं. मागून एक मुलगा म्हणाला, "सर, बर्फाचं काहून शिकवून राहिले? इथं कूलर नाही, त्याचं बोला न!"

विभागात कूलर एकच होता, प्रमुखांच्या खोलीत. मला वाटलं, यावरच वाटाघाटींचं प्रात्यक्षिक घ्यावं. मुलं कामगार संघटना, प्रमुख व्यवस्थापन. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण तेव्हा कळलं नाही. प्रमुख तर खुशीत तयार झाले.

संघटनेच्या वतीनं एक मुलगी उभी राहिली. वर्षभर तिनं वर्गात तोंड उघडलं नव्हतं. तिनं वर्गासाठी कूलर मागितला. प्रमुख तासभर बोलले, आणि शेवटी टेबलावर हात आपटून म्हणाले, "कूलर माझ्या खोलीतून तसूभर हलणार नाही. बाकी काहीही मागा."

"बरं सर, नका हलवू," ती म्हणाली. "आमीच तिथं येतो. पानी बी आमीच भरतो."

"या की! माझं दार सदा उघडं आहे!" कूलर वाचला या आनंदात प्रमुखांनी तिच्याशी हातही मिळवला. पुन्हा टाळ्या पडल्या.

दुसऱ्या दिवशी तासाच्या वेळी सगळा वर्ग बादल्या आणि सतरंज्या घेऊन त्यांच्या खोलीत हजर. मुलांनी कूलर भरला, सरांची खुर्ची अदबीनं कोपऱ्यात सरकवली आणि ओल्या खसच्या वासात बसून घेतलं. मग रोजच तसं सुरू झालं. एकदा माझी सायकल पंक्चर झाली. मी धावत पोचलो, तर ती मुलगी प्रेरणेवरचा धडा शिकवत होती, आणि माझ्यापेक्षा बरा. प्रमुख कोपऱ्यात फाइल तोंडापुढे धरून बसले होते.

पुढं ते आपणहून आमच्या रिकाम्या वर्गात बसायला लागले. मे महिन्यात त्यांनी मला तिथंच बोलावलं. घामानं त्यांचा सदरा अंगाला चिकटला होता.

"रिपोर्टात मला खोटं लिहिता येत नाही," ते म्हणाले. "तुमच्यात नेतृत्व नाही. मुलं आपल्या मनानं ठरवतात, आपल्या मनानं शिकतात. तुमच्यावाचून त्यांचं काही अडतच नाही हो!"

प्रोबेशन एक वर्षानं वाढलं. माझ्या डोक्यात संतापाची तिडीक गेली. त्यांना जुलैतल्या वाक्याची आठवण करून द्यावी, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण असल्या आठवणी परमनंट माणसानं करून द्यायच्या असतात.

संध्याकाळी धंतोलीत जाऊन मी तिच्या वडिलांना सगळं जसंच्या तसं सांगितलं. ती आतल्या दाराशी उभी होती. वडिलांनी चष्मा काढून पुसला.

"म्हणजे तुमच्यावाचून कोणाचंच अडत नाही," ते म्हणाले. "मंग माझ्या पोरीचंच काहून अडावं?"

आतून ती म्हणाली, "माझं अडते, बाबा."

आणि ती वर्षभर थांबली.