मृणाली गोताडचे तेवीस दिवस

मृणाली गोताड माझ्या वॉर्डात आली तेव्हा मी तिच्यावर खूश होते, कारण ती कधी नाही म्हणत नसे. मी दमयंती. रत्नागिरीतल्या एका खाजगी रुग्णालयात बावीस वर्षं सिस्टर होते, त्यातली नऊ बायकांच्या वॉर्डची इन्चार्ज. रुग्णालयाचंच नर्सिंग कॉलेज होतं आणि मृणाली तिथे दुसऱ्या वर्षाला. एखादी स्टाफ सिस्टर आली नाही की मी मुलींच्या होस्टेलवर फोन करायची. बाकीच्यांना ताप असायचा, पोटात दुखत असायचं. मृणाली दहा मिनिटांत केसांना पिना लावत हजर.

असं का, ते मला पुढे कळलं. एका दुपारी ड्रेसिंगची ट्रॉली लावताना तिच्या मनगटावरचा भाजल्याचा जुना डाग दिसला आणि मी सहज विचारलं. तिनेही सहजच सांगितलं, आपल्या गावाचं नाव सांगावं तसं.

खेडपासून बरीच आत तिची वाडी. वडील धोंडू मुंबईत एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये, गणपतीला आणि शिमग्याला घरी येणारे. मृणाली आठ वर्षांची असताना तिची आई जनी एकटीच बोलू लागली. चुलीवर भात उतू जायचा आणि ती पुढ्यात बसून न दिसणाऱ्या कुणाशी तरी भांडत असायची. कधी उठून सरळ नदीच्या वाटेला लागायची. वाडीतल्या लोकांनी कुणाची तरी करणी ठरवली आणि भगत आणला. त्याने जनीला खांबाला बांधायला लावलं, तव्यात निखारे घेतले आणि त्यावर मिरच्या टाकल्या. धुराने आईचा श्वास कोंडायला लागला तेव्हा नऊ वर्षांच्या मृणालीने तो तवा त्याच्या हातातून ओढला. डाग त्याचा.

“मग?” मी विचारलं.

“मग भगत निघून गेला. मी कोयतीने दोर कापला.”

पुढची तीन वर्षं ती भात शिजवून, आईला न्हाऊ घालून, बाहेरून कडी लावून शाळेत जायची आणि मधल्या सुट्टीत धावत येऊन बघून जायची. ती बारा वर्षांची असताना गावात आलेल्या आरोग्यसेविकेने दोघींना एसटीत बसवून रत्नागिरीच्या मनोरुग्णालयात आणलं. औषधं सुरू झाली. कुठली गोळी सकाळची, कुठली झोपतानाची, कुठल्या गोळीने हात थरथरतात, हे त्या मुलीला पाठ. जनी हळूहळू माणसांत आली. नर्स व्हायचं, हे मृणालीने तिथल्याच बाकावर बसून ठरवलं होतं.

मी हे ऐकलं, मला वाईटही वाटलं. आणि त्याच संध्याकाळी पुढच्या आठवड्याचा ड्यूटीचा तक्ता लिहिताना मी तिची सुट्टी खोडली. दोन सिस्टर नोकरी सोडून गेल्या होत्या, दुसरं कोण होतं?

त्या वर्षी भातकापणीच्या आधी वॉर्ड तापाच्या पेशंटनी भरला. जमिनीवर गाद्या घातल्या. मृणाली उभ्याने जेवू लागली, मग डबा उघडायचाच विसरू लागली. पूर्वी ती प्रत्येक म्हातारीला नावाने हाक मारायची, आता खाटेच्या नंबराने. पाच नंबरची बाई गेली. पंधरा दिवस मृणालीनेच तिला भरवलं होतं. चादर ओढून झाल्यावर ती माझ्याजवळ आली.

“सिस्टर, मला काहीच वाटलं नाही.”

“सवय होते,” मी म्हटलं.

“ही सवय नाही. आईला बांधलं तेव्हा मला वाटत होतं. आता वाटतच नाही.”

मी तिला चहा पिऊन ये म्हटलं. तेवढंच केलं.

ऑक्टोबरमध्ये एका सकाळी रात्रपाळी संपवून ती आठला सुटायची होती. मी तिला दुपारी दोनपर्यंत थांबवलं. साडेअकराला ती जेवणाआधीचं इन्सुलिन देत फिरत होती. सात नंबरला मांडवीची एक म्हातारी होती. तिला इंजेक्शन देऊन झालं, चार्टवर सही करायची राहिली, आणि पाच मिनिटांत मृणाली पुन्हा भरलेली सिरिंज घेऊन तिच्यापाशी उभी.

“आत्ताच दिलंस ना गो बाय?” म्हातारी म्हणाली.

मृणाली जागच्या जागी थांबली. मग सिरिंज ट्रेमध्ये ठेवून माझ्या टेबलाशी आली. चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज शांत होता.

“मी तिला दुसऱ्यांदा देणार होते. तिने विचारलं म्हणून वाचली.”

“दिलं नाहीस ना? मग कुणाला सांगू नकोस. जा, तोंड धू.”

“सांगणार,” ती म्हणाली. “लपवलं तर उद्या परत होईल. आणि उद्याची बाई विचारणार नाही.”

तिने चुकांची नोंदवही माझ्यासमोरून ओढून घेतली आणि स्वतःच्या हाताने सगळं लिहिलं. वेळ, खाट, औषध, स्वतःचं नाव.

चार दिवसांनी प्राचार्या मॅडमनी तिच्या वडलांना मुंबईहून बोलावून घेतलं. मलाही बसायला सांगितलं. मॅडमच्या टेबलावर एक फॉर्म होता. जुलैमध्ये कॉलेजात तो सगळ्या मुलींकडून भरून घेतला होता: अठरा वर्षांच्या आत घरात काय काय सोसलं, असे दहा प्रश्न. नाव लिहायचं नव्हतं, गुप्त राहील असं सांगितलं होतं. पण कोपऱ्यात हजेरी नंबर होता.

“हिने दहापैकी सहा ठिकाणी होय लिहिलंय,” मॅडम धोंडूंना म्हणाल्या. “ज्यांचं लहानपण असं जातं त्या मुली या कामात लवकर कोलमडतात. मी माझ्या मनचं सांगत नाही, तसे अभ्यास झालेत. तिच्या भल्यासाठी सांगते, घरी घेऊन जा. पेशंटच्या जिवाशी खेळ नको.”

धोंडू “बरं” म्हणून उठायला लागले.

“बाबा, बसा,” मृणाली म्हणाली. मग मॅडमकडे वळली. “फॉर्मवर लिहिलंय ते खरं आहे. पण माझी रूममेट सानिका, तिने दहाच्या दहा ठिकाणी नाही लिहिलं. तिचे बाबा दर रविवारी तिला भेटायला डब्यात मासे घेऊन येतात. ती मागच्या सोमवारी वॉर्डात चक्कर येऊन पडली. तिला कशाने चक्कर आली?”

“विषय तुझा चाललाय.”

“माझाच सांगते. मी थांबले तर आईकडे कोण बघणार, म्हणून लहानपणी मी कधी थांबले नाही. म्हणून मला थांबता येत नाही, हे खरं. ते इथे सगळ्यांना माहीत होतं आणि सगळ्यांच्या सोयीचं होतं. आता मला घरी पाठवायचं कारण लिहिताना माझी आई लिहू नका. मी सुट्टीशिवाय किती दिवस उभी होते ते लिहा. दमयंती सिस्टरना विचारा.”

खोलीत सगळे माझ्याकडे बघत होते. मला आठवत नाही असं म्हणता आलं असतं. मॅडमनी तशी वाटही करून दिली. “सिस्टरना एवढं कुठे लक्षात असणार,” त्या म्हणाल्या.

मी उठून वॉर्डात गेले आणि ड्यूटीचा तक्ता घेऊन आले. माझंच अक्षर होतं. खोडलेल्या सुट्ट्याही माझ्याच.

“तेवीस दिवस,” मी म्हटलं. “त्यात पाच वेळा रात्रपाळीला जोडून सकाळ. मी लावली.”

मॅडम काही बोलायच्या आधी धोंडू बोलले. इतका वेळ ते जमिनीकडे बघत होते. “म्याडम, माज्या पोरीनं चूक केलीन ती तिनं सोता लिवलीन. आता ह्यो कागद पन तिच्यासंगती लावा.”

कागद लागला, तरी मृणालीला तीन आठवडे घरी बसवलंच. वाडीत पहिले पाच-सहा दिवस ती नुसती झोपली. जनी पेज करून तिच्या उशाशी ठेवायची आणि उंबरठ्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला हळू बोला म्हणायची. नंतर मृणाली उठली, एकटी रत्नागिरीला आली आणि आईला घेऊन जायची त्याच मनोरुग्णालयात स्वतःच्या नावाचा केसपेपर काढला. मला फोन करून सांगितलं तिने. “लपवायचं काय त्यात,” म्हणाली.

इकडे चौतीस मुलींनी अर्ज दिला: आठवड्याला एक सुट्टी, आणि रात्रपाळीनंतर सकाळची ड्यूटी नाही. पहिली सही सानिकाची. उत्तर आलं नाही तेव्हा मुलींनी नियमात आहेत तेवढेच तास भरायला सुरुवात केली. वेळ झाली की हात धुऊन बाहेर. धमक्या आल्या, घरी पत्रं गेली. नवव्या दिवशी व्यवस्थापनाने दोन्ही गोष्टी मान्य केल्या, कारण वॉर्ड चालत नव्हते. माझी बदली औषधांच्या स्टोअरमध्ये झाली. तिथे मी आणि सलाईनच्या बाटल्या, कुणाची सुट्टी खोडायची सोय नव्हती. तिथूनच मी निवृत्त झाले.

त्या तीन आठवड्यांमुळे हजेरी कमी पडली आणि मृणाली सहा महिने उशिरा परीक्षेला बसली. त्याबद्दल तिच्याशी कुणी दिलगिरीचा शब्द बोललं नाही. ती पास झाली, आता खेडला एका दवाखान्यात आहे. सुट्टीच्या दिवशी ती फोन उचलत नाही. माझाही नाही.

या मे महिन्यात तिच्या वाडीच्या मंडळाने शिकलेल्या मुलांचा सत्कार ठेवला. तिने मला बोलावलं. सूत्रसंचालन गावातले एक गुरुजी करत होते. चांगला माणूस, मनापासून बोलत होता. “आई तशी वेडसर असूनही या मुलीने...” असं त्यांचं सुरू झालं. मृणाली नारळ घ्यायला पुढे आली होती. तिने हात मागे घेतला आणि माइक मागितला.

“गुरुजी, माझी आई आजारी होती. आता औषध घेते, शेती करते, ती इथे बसलीय. तिला कळतंय तुम्ही काय म्हणालात ते. ‘वेडसर’ आणि ‘असूनही’, हे दोन शब्द मागे घ्या. मग मी नारळ घेते.”

मांडवात मागून एक बाई पुटपुटली, एवढं काय त्यात. मृणाली तशीच उभी राहिली. गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, आणि माइकवर स्पष्ट म्हणाले, “चुकलं माझं. दोन्ही शब्द मागे घेतो.”

तिने नारळ घेतला, वाकून गुरुजींना नमस्कार केला आणि खाली आली. जनीने शेजारच्या खुर्चीवरची धूळ पदराने झटकली आणि तिला हाताला धरून बसवलं.

“सकाळपासून काय खाल्लंस काय?” तिने विचारलं.