साक्षीच्या आदल्या दिवशी

आई गेल्यानंतर दादांनी मला सिनेमाला नेलं ते एकदाच. वडिलांना आमच्याकडे दादा म्हणायची पद्धत होती. मी तेव्हा तेरा वर्षांची होते. उज्जैनला माधवनगरात भाड्याच्या दोन खोल्यांत आम्ही दोघंच राहायचो. मध्यभारत मोडून नवा मध्यप्रदेश होणार होता आणि सगळ्या कचेऱ्यांत बांधाबांध चालली होती. कोण भोपाळला जाणार आणि कोण इथेच राहणार, याशिवाय कुणाच्या तोंडी दुसरा विषय नव्हता. दादा त्या बोलण्यात कधी पडत नसत. राज्यं बदलण्याचा त्यांना कंटाळा आला होता. मागच्या खेपेला त्यांचं जे व्हायचं ते होऊन चुकलं होतं.

ते असं झालं. उज्जैन तेव्हा ग्वाल्हेर संस्थानात होतं, आणि इथल्या कचेरीत दादांचा एक मित्र होता. दोघांची टेबलं शेजारी, डबाही एकत्र खायचे. मी त्यांना काका म्हणायचे. संस्थान विलीन झालं तेव्हा हे काका एकदा पानाच्या ठेल्यावर बोलून गेले, "ये नया राज चार दिन का है." कुणीतरी ते वरपर्यंत पोचवलं. नवे साहेब नव्या उत्साहाचे, त्यांनी चौकशी लावली. काका घाबरले आणि ते वाक्य आपलं नव्हे, दादांचं, असं सांगून मोकळे झाले. दादांची एक पायरी उतरली. बदली झाली ती आगर गावाच्याही पुढे, जिथे मोटार जात नव्हती अशा खेड्यात. दादांची खुर्ची काकांना मिळाली.

त्या खेड्यात आईला ताप आला. उतरेचना, तेव्हा दादांनी बैलगाडीत कडबा पसरून त्यावर गादी घातली आणि तिला आगरच्या दवाखान्यात न्यायला निघाले. मी तिच्या उशाशी बसले होते. अर्ध्या वाटेवर तिनं पाणी मागितलं. मी पाजलं, ते ओठांच्या कडेनं बाहेर आलं. गाडीवानानं मागे वळून पाहिलं आणि बैल थांबवले. "बाबूजी," तो म्हणाला, "अब लौट चलो."

पुढे आम्ही उज्जैनला परत आलो. काका रस्त्यात दिसले की दादा माझा हात घट्ट धरायचे आणि रस्ता ओलांडायचे. मला त्यांनी काही समजावून सांगितलं नाही. बाकीचं मी बायकांच्या बोलण्यातून जमवलं आणि त्याचा एकच अर्थ लावला, की या माणसानं माझ्या आईला मारलं.

तर त्या बांधाबांधीच्या दिवसांत, एका संध्याकाळी, काका आमच्या दारात उभे राहिले. केस पिकलेले, शर्टाचं वरचं बटण तुटलेलं. दादांनी त्यांना खुर्ची दाखवली, पण ते उभेच राहिले.

"तुला आठवतं ना," काका म्हणाले, "संस्थान होतं तेव्हाच्या सिंहस्थात रामघाटावर कठडे बांधायला मी सरकारी कोठारातले सागाचे वासे दिले होते? तेव्हाच्या साहेबांनी तोंडी सांगितलं होतं. तू तिथेच उभा होतास."

दादांनी रिकामी खुर्ची भिंतीशी सरकवली.

"साहेब तर कबके वारले. कागद काही नाही. आता सगळा कारभार भोपाळला सोपवायचा म्हणून जुनं उकरतायत, आणि ते वासे मी विकले असं निघतंय. नोकरी जाईल रे माझी. तुझ्याशिवाय ते ऐकलेला दुसरा कुणी जिवंत नाही."

"सोमवारी साक्षीला बोलावलंय मला," दादा म्हणाले. "मी येईन. तुम्ही आता जा."

पूर्वी दोघं एकमेकांना अरे-तुरे करायचे. त्या दिवशी दादा 'तुम्ही' म्हणाले. काका मान खाली घालून पायऱ्या उतरले.

ते गेल्यावर मी स्वयंपाकघराच्या दारातून विचारलं, "तुम्हाला आठवतंय का, दादा?"

"आठवतंय."

"मग आठवत नाही म्हणून सांगा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागावतील असं मला वाटलं होतं, पण ते नुसते उठले आणि कंदील पुसायला घेतला.

रविवारी सकाळी म्हणाले, "चल, पिक्चर बघून येऊ." टॉकीजमध्ये इंग्रजी खेळ लागला होता. बाहेरच्या रंगीत फळीवर एक दाढीवाला माणूस घोड्यावर होता आणि त्याच्या मागे, त्याच्या कमरेला धरून, एक मुलगी. दादांना इंग्रजी चांगलं यायचं. ते माझ्या कानाशी वाकून एकेक वाक्य मराठीत सांगत गेले.

अमेरिकेतल्या माळरानावरची गोष्ट होती. त्या माणसाच्या भागीदारानं पाण्याच्या झऱ्यासाठी त्याचं घर जाळलं, त्यात त्याची बायको गेली. पोरीला ठेवायला कुणी नाही, म्हणून तिला पाठीशी बसवून तो त्या भागीदाराच्या शोधात निघतो. वर्षं जातात. पोर घोड्यावरच मोठी होते. बाप तिला बंदूक शिकवतो, माग काढायला शिकवतो, झोपतानाही बूट काढायचे नाहीत हे शिकवतो. मी खुर्चीच्या टोकाला येऊन बसले होते. मला ती मुलगी फार आवडली.

शेवटी तो भागीदार सापडतो. एका उजाड गावात त्याचं किराणा दुकान आहे, एक डोळा गेलाय, हात कापतायत. बाप बंदूक उचलतो आणि उचलून तसाच थांबतो. तेवढ्यात मुलगी शेजारून गोळी झाडते. मी टाळी वाजवली. आसपासच्यांनीही वाजवली. पडद्यावर बाप दुकानाच्या पायरीवर बसला आणि मुलीकडे बघत काहीतरी बोलला. ते वाक्य दादांनी सांगितलं नाही.

"काय म्हणाला तो?"

"थांब जरा," दादा म्हणाले. पण तेवढ्यात दिवे लागले.

घड्याळाच्या टॉवरपाशी त्यांनी मला कचोरी घेऊन दिली. स्वतः काही खाल्लं नाही. मी पुन्हा विचारलं तेव्हा म्हणाले, "तो म्हणाला, हिला मी दुसरं काही शिकवलंच नाही."

पिक्चरमध्ये तो खरंच असं म्हणाला, की दादांनी पदरचं घातलं, हे मला आजही माहीत नाही. मला तेव्हा त्यात काही विशेष वाटलंही नाही. माझ्या डोक्यात सोमवार होता.

सोमवारी मी शाळेतून आले तर दादा बुटांसकट खाटेवर आडवे झाले होते. काळा कोटही काढला नव्हता.

"काय सांगितलंत?"

"जे झालं होतं ते."

"म्हणजे ते सुटले?"

"सुटला."

"का पण?" माझा आवाज फाटला. "आई गेली आपली."

दादांनी डोळे मिटले. "फार दमलोय गं मी. इतकी वर्षं तो माणूस आपल्याबरोबर जेवतोय, आपल्याबरोबर झोपतोय. मला वाटायचं, हे माझं मलाच आहे. परवा तू ते बोललीस, तेव्हा कळलं की तुलाही आहे."

संध्याकाळी काका पेढ्यांचा पुडा घेऊन आले. दादा दारातच उभे राहिले, आत या म्हणाले नाहीत.

"तुझे उपकार..." काकांनी पुडा पुढे केला.

"उपकार नाहीत," दादा म्हणाले. "आणि माफही केलेलं नाही. खरं होतं तेवढं बोललो. पेढे मुलांना न्या. पुन्हा येऊ नका."

काका बिऱ्हाड हलवून भोपाळला गेले. दादा इथेच राहिले. त्यांची उतरलेली पायरी कुणी परत दिली नाही, त्यांनी मागितलीही नाही. त्याच टेबलावरून ते निवृत्त झाले.

मी मात्र त्यांच्याशी बोलणं टाकलं. किती दिवस ते आठवत नाही, पण पुष्कळ. ते जेवायला हाक मारायचे, मी यायचे, जेवायचे, उठायचे. त्यांनी मला एकदाही समजावलं नाही, की रागावले नाहीत. एकच अडचण होती. माझे केस लांब होते आणि वेण्या मला स्वतःला घालता येत नसत. आईमागे ते काम दादांकडे आलं होतं. रोज सकाळी मी त्यांच्याकडे पाठ करून, तोंड शिवून बसायचे, आणि ते कचेरीच्या घाईत जमतील तशा दोन वेण्या घालायचे.

एका सकाळी मी म्हटलं, "उजवी सैल झाली."

त्यांचे हात थांबले. मग त्यांनी रिबन सोडली, वेणी पूर्ण उकलली आणि कंगवा घेऊन ती पुन्हा घालायला लागले. त्या दिवशी त्यांना कचेरीला उशीर झाला.