हातावरचं दही

दुपारचं जेवण उरकून अनसूयाबाई चटईवर आडव्या होतात. डोळे जड झालेत, पण मन चुळबुळतंय. शेजारच्या दमयंतीनं सकाळी वाटी घेताना असं रोखून का पाहिलं? विरजणच तर दिलं. एकतीस वर्षं जपलेलं विरजण कुणी वाटीसकट देऊन टाकत नाही, द्यायचं ते चमचाभर, हे खरं. पण जिला उद्याची सकाळच नकोय, तिला दही कशाला लागतंय? होय, अनसूयाबाईंनी तसं ठरवलंय. त्या कुणाला बोलल्या नाहीत, म्हणून आपणच सांगून टाकू.

पंख्याची घरघर लांब जाते आणि ओट्यापाशी यमुना उभी असते.

टेलिफोन एक्स्चेंजमधली त्यांची जोडीदारीण. दोन वर्षांपूर्वी तिनं स्वतःच स्वतःला संपवलं. अनसूयाबाई आधी तिचे पाय बघतात. सरळ आहेत. तरी भरवसा काय? मेलेलं माणूस उगाच येत नाही, न्यायलाच येतं, असं त्यांच्या सासूबाई म्हणायच्या.

"विरजण आहे का गं?" यमुना विचारते.

"तुला कशाला हवंय?"

"पोलिसासारखी काय चौकशी करतेस? आहे की नाही?"

"नाही. दमयंतीला दिलं."

"सगळं?"

अनसूयाबाई तोंड फिरवतात. हिला काय करायच्यात नसत्या उठाठेवी? ओटा लांबत जातो, त्याला प्लगची भोकं पडतात, आणि दोघी एक्स्चेंजच्या बोर्डासमोर बसलेल्या असतात, कानांवर हेडफोन. सगळे दिवे विझलेले. कोपऱ्यातला एकच लुकलुकतोय.

"हात कर पुढे," यमुना म्हणते.

नाही म्हणेपर्यंत तळव्यावर गार काहीतरी पडतं. दही. गावाला निघालेल्याच्या हातावर घालतात तसं, माणूस सुखरूप परत यावं म्हणून.

"हे कशाला? मी कुठं निघालेय?"

"तेच विचारायला आलेय. कुठं निघालीस?"

"सोंग नको करूस. न्यायला आलीयस तू मला."

"वेडी आहेस का? न्यायचं असतं तर हातावर दही घातलं असतं?"

हातावरचं दही मनगटाकडे ओघळतंय.

"मीही तुला माझी वाटी आणून दिली होती," यमुना म्हणते. "भर दिवेलागणीला."

दिवेलागणीला घरातलं दही कुणी बाहेर देत नाही. तेव्हा अनसूयाबाईंनी तिला हसून झापलं होतं आणि वाटी ठेवून घेतली होती. विचारलं काहीच नव्हतं. दोन वर्षं हे त्यांना आतून खातंय.

"मी विचारायला हवं होतं गं."

"तुला काय ठाऊक? मीही तोंड मिटूनच होते. सगळे दिवे विझलेत असं वाटायचं मला. तुझा तो बघ, सकाळपासून लागलाय. घे की लाइन."

"कुणाची आहे?"

यमुना बोट दाखवते. दिवा लुकलुकता लुकलुकता वाजायला लागतो, वाजतच राहतो, आणि अनसूयाबाई चटईवर उठून बसतात. दाराची बेल.

दारात दमयंती, हातात तीच वाटी.

"काकू, सगळं विरजण कुणी देतं का? सकाळपासून मला चैन नाही." ती अडखळते, मग एका दमात बोलून टाकते, "रागावू नका, पण सरळ विचारते. जिवाचं काही बरंवाईट करायचं मनात आहे का तुमच्या?"

'छे गं, काहीतरीच काय' हे शब्द ओठांवर तयारच असतात. दाराची कडी धरायला अनसूयाबाई हात उचलतात, तर तळवा ओला आहे. गार, चिकट, आंबूस वासाचा. आज जेवणात तर दही नव्हतंच.

त्या मूठ मिटतात.

"आहे," त्या म्हणतात. "आत ये. आणि आज मला एकटीला ठेवू नकोस."