फ्रीमाँटचा गळका मांडव

विमान खाली उतरू लागलं तेव्हा खिडकीतून कॅलिफोर्नियाचे डोंगर दिसले आणि मी शेजारच्या बाईंना विचारलं, "इथे वणवा लागून गेला का हो?"

"नाही नाही, ऑक्टोबरमध्ये असेच असतात," त्या म्हणाल्या.

मी चिपळूणचा माणूस. आमच्याकडे ऑक्टोबरात डोंगर तर हिरवे असतातच, पण घरांच्या भिंतीही हिरव्या असतात. इथे मात्र नजर जाईल तिथपर्यंत भाजलेल्या पापडाच्या रंगाचं गवत. इमिग्रेशनच्या खिडकीतल्या अधिकाऱ्याने धंदा विचारला. मी सांगितलं, वॉटरप्रूफिंग. गच्च्यांची गळती बंद करणं. तो इतका मनापासून हसला की मागच्या रांगेतले लोक बघायला लागले. "मग तुम्ही चुकीच्या गावी आलात," म्हणत त्याने शिक्का मारला.

हिला गुडघ्यांमुळे एवढा प्रवास झेपत नाही, म्हणून मी एकटाच आलो होतो. मुलगा निखिल फ्रीमाँटला राहतो. एकाला एक चिकटलेली घरं, पुढे गाडीपुरती जागा आणि मागे पाटाएवढं अंगण. तो सकाळी फ्रीवेवर लागला की संध्याकाळपर्यंत मी मोकळा. पहिले दोन दिवस मी त्याच्या घराचं छप्पर तपासलं. एक फट सापडली नाही. मला जरा वाईटच वाटलं.

तिसऱ्या दिवशी कॉलनीत फिरताना ओळीतल्या शेवटच्या घरामागून आवाज आला, "अगं, डावीकडे घे! डावीकडे म्हणजे तुझ्या डावीकडे!"

मराठी! कुंपणावरून डोकावलो. अंगणात चार खांबांचा मांडव उभा होता. शिडीवर एक कॉलेजातली मुलगी पामच्या झावळ्या टाकत होती आणि खाली काठी टेकून एक ऐंशीच्या पुढचे गृहस्थ हुकूम सोडत होते. डोक्यावर छोटी गोल टोपी होती.

"कोण गाव तुमचं?" मी न राहवून विचारलं.

"रेवदंडा!" ते म्हणाले. "आत या, कुंपणावरून काय बोलता?"

हे बिन्यामिनकाका. निवृत्त डॉक्टर. लेआकाकू त्यांच्या पत्नी, आणि शिडीवरची तामार ही मुलीकडची नात. बेने इस्रायल, म्हणजे कोकणच्या किनाऱ्यावर शेकडो वर्षं राहिलेले, मराठी बोलणारे ज्यू. तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून गावात त्यांना शनवार तेली म्हणत. काकांचं बहुतेक आयुष्य अमेरिकेत गेलं, पण 'च' अजून रेवदंड्याचाच.

"हा आमचा मांडवाचा सण," काका म्हणाले. "आमचे पूर्वज वाळवंटात असे झोपड्यांत राहिले, त्याची आठवण. याला सुक्का (झावळ्यांचा मांडव) म्हणायचं. सात दिवस जेवण इथेच."

मी सवयीप्रमाणे वर पाहिलं. छपराला भोकंच भोकं.

"काका, हे छप्पर नाही, चाळण आहे."

"तसंच हवं. रात्री आतून चांदण्या दिसल्या पाहिजेत."

"आणि पाऊस आला तर?"

काका गंभीर झाले. "या सात दिवसांत आम्ही पाऊस मागत नाही. आला तर चांगलं लक्षण नव्हे. चाकराने धन्यासाठी पेला भरून आणावा आणि धन्याने तो त्याच्याच तोंडावर ओतावा, तसं मानतात."

मी हे पक्कं लक्षात ठेवलं, की मांडवात पाऊस वाईट. अर्धंच ऐकलं होतं, हे पुढे कळलं.

त्या आठवड्यात मी निखिलच्या घरी फक्त झोपायला जात होतो. काकू नारळाच्या दुधातलं सॅमन माशाचं कालवण करत आणि तांदळाची भाकरी. कोळंबी मात्र नाही, कारण खवलं नसलेला मासा त्यांना चालत नाही. कोकणातला माणूस कोळंबीशिवाय पिढ्यान्‌पिढ्या कसा तग धरून राहिला, हा मला खरा चमत्कार वाटला आणि मी तसं बोलूनही दाखवलं. काकूंनी माझ्या पानात आणखी एक तुकडी वाढली. न्हाणीघरात शॉवरखाली तामार बादली ठेवी. गरम पाणी येईपर्यंतचं गार पाणी वाया जाऊ नये म्हणून. ते ती लिंबाच्या झाडाला घाली. कॅलिफोर्नियात पाणी असं जपून वापरतात.

एका संध्याकाळी मांडवात जेवताना कळलं की हा या अंगणातला शेवटचा मांडव. घर विकलं होतं. सण संपला की काका-काकू मुलीकडे दूर उत्तरेला, रेडमंडला राहायला जाणार होते. तामार त्यासाठीच मदतीला आली होती.

"रेडमंडला पाऊस रोज आहे, पण घर तिसऱ्या मजल्यावर, अंगण नाही," काका म्हणाले. "इथे अंगण आहे, पण पाऊस नाही. दरवर्षी सणाच्या आठव्या दिवशी आम्ही पावसाची प्रार्थना करतो. इतकी वर्षं इथून मागतोय. कधी डिसेंबरात येतो, कधी आलाच तर आला."

"पाऊस पाण्यासाठी मागता ना? मग नळाला आहे की," मी म्हणालो.

"नुसत्या पाण्यासाठी नाही हो." काकांनी हात पुसले. "योएल म्हणून आमचा एक संदेष्टा होऊन गेला. त्याच्या वेळी टोळांनी सगळं शिवार खाल्लं. लोक रडत होते. तो म्हणाला, आधी पाऊस येईल, पेरणीचा आणि मग कापणीआधीचा. खळी भरतील. आणि त्यानंतर देव आपला आत्मा ओतील. बघा, तो देईल म्हणाला नाही, शिंपडील म्हणाला नाही. ओतील! घागर उपडी करतात तसा."

"कोणावर?"

"सगळ्यांवर. मुलगे, मुली, म्हातारे, घरातले चाकरसुद्धा. पाऊस पडताना छप्पर कोणाचं ते बघतो का?"

"तो बघत नाही, म्हणून तर मला बोलावतात."

तामार खोखो हसली. "आजोबा, ही गॉट यू!"

काकाही हसले. मग तिच्याकडे बघत म्हणाले, "दुसरा संदेष्टा, यशया. तो तर तहानलेल्या जमिनीवर पाणी आणि लेकरांवर देवाचा आत्मा, दोन्ही एकाच दमात सांगतो. आम्हाला पाऊस दिसला की ते आठवतं. एवढा शेवटचा मांडव नीट पार पडला म्हणजे मी सुटलो."

त्या रात्री मी ठरवलं, की काकांचा मांडव आपण नीट पार पाडायचा.

आठव्या दिवशी सकाळी ते तिघं चालत प्रार्थनेला गेले. चार गल्ल्या सोडून एका घरात त्यांची मंडळी जमायची. सात दिवस झाले तरी या दिवशीही दुपारचं जेवण मांडवातच होतं आणि मला आमंत्रण होतं. टेबलावर पांढरी चादर, पालथी घातलेली पानं. मी अंगणात उभा होतो आणि खाडीच्या बाजूने ढग आले. कॅलिफोर्नियात आल्यापासून ढग म्हणून असा पाहिलाच नव्हता. वाऱ्याला ओला वास होता. चिपळूणकराला हवामानखातं लागत नाही.

पाऊस येणार! काकांना हवा तो. आणि मांडवात, काकांना नको तिथे. मी विचार केला, पाऊसही पडू दे आणि पानंही कोरडी राहू देत. यालाच तर आमचा धंदा म्हणतात. निखिलच्या गॅरेजमधून निळी ताडपत्री आणली, शिडी लावली, झावळ्यांवर ताडपत्री ताणली, मागच्या बाजूला उतार दिला आणि चारही कोपऱ्यांना अशा गाठी मारल्या की वादळ आलं तरी सुटू नयेत. खाली उतरून पाहिलं. इतकं सुबक काम मी पैसे घेऊनही क्वचित केलं असेल.

मंडळी आली. काकांनी मांडवात पाऊल टाकलं, वर पाहिलं आणि थांबले. काकूंनी काकांकडे पाहिलं. तामार म्हणाली, "ओह नो."

"एक थेंब येणार नाही," मी अभिमानाने सांगितलं.

"तुम्ही फार मेहनत घेतलीत," काका हळू आवाजात म्हणाले. "बसा, बसा."

आम्ही बसलो. आणि पाऊस आला. ताडपत्रीवर टपटप, मग तडतड. बाहेर लिंबाचं झाड भिजत होतं. काकांनी तळहात वर करून टेबलावर ठेवला होता. त्यांचा चेहरा हसरा होता, पण मला तो हात बघवेना. काहीतरी चुकलं होतं.

तामारने मला स्वयंपाकघरात बोलावलं. "काका, आय ॲम नॉट टेलिंग यू टु डू एनीथिंग, ओके? आज आम्ही गाठ सोडू शकत नाही. सण आहे. दुसऱ्याला सोड असंही सांगायचं नसतं. आय ॲम जस्ट सेइंग. प्लॅस्टिक वर असलं तर तो मांडवच नाही. आणि पाऊस बॅड असतो ते आधीचे सेव्हन डेज. आज एट्थ डे आहे. आत्ताच प्रेयर झाली. टुडे इट्स द आन्सर. आजोबांना ॲटलीस्ट वन्स तो पानात पडलेला हवा होता. लाइक रेवदंडा."

माझे कान तापले. सगळं आयुष्य पाणी अडवण्यात गेलं, पण अडवू नये ते पाणी मी आज पहिल्यांदाच अडवलं होतं. आणि तेही काय झकास अडवलं होतं!

मी धावलो. शिडी लावली, गाठ ओढली. सुटेना. दुसरी ओढली. तीही सुटेना. माझ्याच गाठी! "काकू, सुरी!" म्हणून ओरडलो आणि मग आठवलं, त्यांना मागणंही बरोबर नाही. पुन्हा आत पळालो, स्वतः सुरी घेतली आणि सपासप दोऱ्या कापल्या. ताडपत्रीत साठलेलं सगळं पाणी एकदम माझ्या डोक्यावर आलं. शर्ट, चष्मा, खिसा, सगळं चिंब. मी ताडपत्रीसकट शिडीवरून घसरत खाली आलो आणि ओल्या गवतात बसकण मारली.

आतून हशा ऐकू आला. सगळ्यात मोठा काकांचा.

पाऊस झावळ्यांतून आत उतरत होता. चादरीवर, भाकऱ्यांवर, कालवणात. काकूंनी भांडं पदराखाली घेतलं. "अहो, कालवण पातळ होतंय. पावसात आत गेलं तरी चालतं, आपल्याकडे तशी मुभा आहे. चला."

"थांब गं," काका म्हणाले. त्यांनी टोपी सारखी केली, तोंड वर केलं, डोळे मिटले. पाणी त्यांच्या भुवयांवरून गालांवर येत होतं. रडतात की काय ते मला कळेना, मग कळलं की पाऊस आणि रडू, दोन्ही आहे. तामारने त्यांचा ओला हात धरला. काकांनी हिब्रूत काहीतरी पुटपुटलं, मग डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. मी मांडवाच्या तोंडाशी निथळत उभा होतो.

"या, या जयवंतराव. सगळ्यांवर म्हणालो होतो ना? वॉटरप्रूफिंगवालेसुद्धा सुटले नाहीत."

मी त्यांच्या शेजारी बसून पातळ झालेलं कालवण भाकरीबरोबर ओरपलं. थंडीने दात वाजत होते. मी फार देवभोळा नाही, आत्मा म्हणजे काय हे मला आजही सांगता यायचं नाही. पण वरून भिजत, हसत, परक्या देशात एका रेवदंडेकराच्या मांडवात बसलो असताना छातीत जे काही भरून आलं, ते कोणीतरी ओतलेलंच असावं. मला तरी त्याला दुसरा शब्द सापडला नाही.

आठवड्याने ते रेडमंडला गेले, मी चिपळूणला परतलो. घरी आल्यावर हिने पहिला प्रश्न विचारला, "तिकडे काय पाहिलंत?" मी म्हणालो, "एक गळकं छप्पर." तिला वाटलं, हा माणूस कुठेही गेला तरी धंदाच करतो.

परवा काकांचा फोन आला. "पाऊस रोज आहे हो. पण आमच्या बाल्कनीवर वरच्यांची बाल्कनी. हात बाहेर काढून बसतो."

"इमारतीला गच्ची आहे का?"

"आहे, सगळ्यांची मिळून. कुलूप असतं."

"पुढच्या सणापर्यंत किल्ली मागून ठेवा, काका," मी म्हणालो. "शिडी मी धरतो. ताडपत्री घरीच ठेवून येतो."