कंदीलफुलांच्या वाटेचा नकाशा मी का पुसला

गेल्या वर्षी याच ब्लॉगवर मी पोलादपूरकडच्या एका कड्यावरच्या कंदीलफुलांचे फोटो टाकले होते. फार थोड्या जागी उरलेली ही नाजूक वेल. मोठ्या हौसेने सोबत वाटेचा नकाशाही दिला. या ऑक्टोबरात तिथल्या वाडीतल्या भागीबाईंचा फोन आला. मागच्या खेपेला त्यांच्याकडेच जेवले होते.

"गो, तुजा नकाशा बघून मानसं येतात. कंद उकरून नेतात."

शनिवारपर्यंत कशात लक्ष लागेना. वनस्पतींचा अभ्यास करणाऱ्या मेघनाला सोबत घेतलं. ठाण्याहून पहाटेची एसटी, महाडला डेपोजवळ मिसळ, मग पोलादपूरची गाडी, पुढे मिनीडोर. शेवटचा दीड तास चढ. दोन लिटर पाणी हवंच, वर दुकान नाही.

वाटेत मेघना सांगत होती, "आधी नुकसान थांबवायचं. झाड त्याच्या जागीच वाढवायचं. आणि तिथल्या माणसांना विचारल्याशिवाय काही करायचं नाही." मी यातलं काहीच पाळलं नव्हतं.

वाडीतून भागीबाई आमच्याबरोबर वर आल्या. पोटावर झोपून मी जिथे फोटो काढले होते, तिथे नुसते खड्डे होते. हात जेमतेम पोचेल अशा टोकाला तीन वेली उरलेल्या. त्यांवर दोन शेंगा.

मेघनाने पिशवी काढली. "शेंगा पुण्याच्या रोपवाटिकेत नेते. इथे आता भरवसा नाही."

"कुनाचा भरवसा नाय?" भागीबाई म्हणाल्या. "आमी बकऱ्या पन हिकडं सोडत नाय. उकरनारे आमचे नव्हते. आन आमाला इचारलंस?"

मेघना ओशाळली. पिशवी परत आत गेली. शेवटी ठरलं : एक शेंग तशीच ठेवायची, दुसरीला पातळ कापड बांधायचं, म्हणजे बी वाऱ्यावर उडून जाणार नाही. पिकली की भागीबाई ते बी याच डोंगरात पेरतील.

भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी खाऊन उतरत होतो, तर एक जोडपं वर येताना भेटलं. त्यातल्या पुरुषाच्या मोबाईलवर माझाच नकाशा.

"कंदीलफुलांची वाट हीच ना?"

"तो नकाशा मीच टाकला होता. चूक झाली. वर आता खड्डे आहेत," मी म्हणाले. बाई लगेच थांबली. तो मात्र बराच वेळ वर बघत होता. दोघं आमच्यासोबत खाली आली, पण नकाशा त्याच्या मोबाईलमध्येच राहिला.

घरी पोचताच मी ती पोस्ट काढली; खरं तर फोन आला त्याच दिवशी काढायला हवी होती. तिच्या प्रती किती जणांकडे असतील, कोण जाणे. ती खरंच गेली ना, म्हणून अजूनही मध्येच उठून ब्लॉग तपासते.

परवा भागीबाईंचा फोन आला. "बी पेरलं गो."

"कुठे?" माझ्या तोंडून निघून गेलं.

त्या हसल्या. "तुला नाय सांगायची."