वे म्हणजे वेळेवर

जगात चुका होतात त्या आमच्या गुरुजींना दुरुस्त करायला मिळाव्यात म्हणूनच, असं माझं प्रामाणिक मत होतं. पांढरकवड्याहून आत, डांबर संपतं त्याच्याही पुढे, आमची सातवीपर्यंतची सरकारी शाळा. तिथे ते सातवीचे वर्गशिक्षक आणि मी मुख्याध्यापक. वयानं ते मोठे, हुद्द्यानं मी. म्हणून मी त्यांना गुरुजी म्हणायचो आणि ते मला मास्तर. त्यांच्या खिशाला कायम एक लाल पेन असायचं आणि ते कायम गळायचं. नवा माणूस आधी हेच विचारायचा, "काय लागलं हो छातीले?" एकदा स्टँडवरच्या हॉटेलच्या पाटीवर त्यांना 'नास्ता' दिसला. स्टुलावर चढून त्यांनी त्याचा 'नाश्ता' केला, तसा मालक धावत आला. "गुर्जी, पाटी जाऊ द्या, चहा तरी बराबर हाय का?" गुरुजींनी शांतपणे घोट घेतला आणि म्हणाले, "चहा पास. भजे पुन्हा परीक्षेले बसवा." माझ्या मुलीच्या लग्नाची पत्रिका तर त्यांनी तीन लाल वर्तुळं घालून, खाली सही करून मलाच परत दिली. मी भडकलो. ते म्हणाले, "मास्तर, लगन एकदाच होते. शुद्ध होऊ द्या." आमची ही आठ दिवस धुमसत होती.

दरवर्षी वरून एक विवरणपत्र यायचं. मुलं किती, मुली किती, कोणत्या प्रवर्गातल्या, कोणाची श्रेणी काय, घरची भाषा कोणती. आमच्याकडे गावातली कुणब्यांची पोरं, तांड्यावरची बंजाऱ्यांची, पोड म्हणतात त्या वस्तीवरची कोलामांची. आणि भाषेच्या रकान्यात जागा एका शब्दाची. गुरुजींनी समास ओलांडून लिहिलं, 'घरी कोलामी, वावरात वऱ्हाडी, पुस्तकात मराठी, भांडतांना हिंदी.' तालुक्यानं कागद परत पाठवला. गुरुजींनी तो चष्मा पुसून वाचला आणि पुन्हा तसाच धाडून दिला, फक्त 'भांडतांना'मधला जास्तीचा अनुस्वार काढून.

हसण्यासारखं एवढंच. कापसाचे ते फार वाईट दिवस होते. भाव नाही, वेचायला मजूर लावणं कोणालाच परवडत नाही. मग वावरात घरच्याच पोरी. पऱ्हाटीची, म्हणजे कापसाच्या झाडांची पूजा, सीतादही, झाली आणि वेचणी लागली की सातवीच्या मुलींची बाजू रिकामी. आमचा निकाल दसऱ्यापर्यंत चढायचा आणि तिथून जो घसरायचा तो परीक्षेपर्यंत. सुमन नावाची पोडावरची एक पोर होती, गणितात मुलांना रडवणारी. एका पेपरात तिचं अक्षर पार वाकडंतिकडं आलं. बोंडांच्या काट्यांनी बोटं सोलवटलेली, पेन धरवत नव्हतं. गुरुजींनी पेपरावर शेरा मारला, 'बोटे फाटली आहेत. अक्षराचे गुण कापू नयेत.' आता पेपर तपासणारे तेच, तर हा हुकूम ते कोणाला सोडत होते देव जाणे.

या पोरींना 'गैरहजर' लिहायला त्यांचा हात धजेना. "गैरहजर म्हंजे रिकामं बसनं," ते म्हणायचे. "ह्या कामाले गेल्या." म्हणून हजेरीपटावर त्यांनी आपलं स्वतःचं चिन्ह काढलं: 'वे'. वे म्हणजे वेचणीवर. शाळा सुटली की हजेरीपट काखेत मारून हे वावराच्या बांधावर, धुऱ्यावर उभे. नावं पुकारायची, पऱ्हाटीतून "हाव जी" यायचं, मग वेचता वेचता पाढे म्हणून घ्यायचे. निघताना प्रत्येकीला एकच सांगणं, "तुह्यं नाव पटावर हाय, इसरू नको."

अशातच बातमी आली, उपस्थिती कमी असेल तर आमचा सातवीचा वर्ग बंद करून नाल्यापलीकडच्या दूरच्या शाळेला जोडणार. एवढ्या लांब पोरींना कोण पाठवतं? वर्ग गेला म्हणजे त्यांची शाळा संपली. तपासणीच्या दिवशी मी स्वतः पोडावर, तांड्यावर जाऊन हातापाया पडून सगळ्या पोरी आणून बसवल्या. तालुक्याहून आलेल्या साहेबांनी भरलेला वर्ग पाहिला, हजेरीपट उघडला. पानंच्या पानं 'वे, वे, वे'. मी मनातल्या मनात सबबी जुळवायला लागलो. साहेबांचा चेहरा मात्र फुलला. "वा! वेळेवर येणाऱ्यांची वेगळी नोंद! गुरुजी, अशी शाळा मी पाहिली नाही." आणि शेरेबुक ओढून ते लिहायला लागले, 'वर्ग चालू ठेवावा.'

गुरुजींचा हात खिशाकडे गेला. मी टेबलाखाली त्यांच्या पायावर पाय दाबला, चांगला जोरात.

"साहेब, चूक झाली तुमची," ते म्हणाले. "वे म्हंजे वेचनी."

साहेब माणूस वाईट नव्हता. पेन थांबवून त्यांनी हळूच विचारलं, "गुरुजी, हे मी ऐकलं नाही असं समजू का?"

"ऐकलं असंच समजा, साहेब."

वर्ग गेला. मी गुरुजींवर नाही नाही ते ओरडलो. "तुमची शुद्धता घाला चुलीत! पोरींचं वाटोळं केलंत!" ते खाली मान घालून म्हणाले, "मास्तर, कागदावर पोरी येळेवर आल्या, तर वावरात त्यायले शोधाले कोन जाइन?" पण खरं ऐकूनसुद्धा त्यांना शोधायला कोणी गेलं नाही. त्या सात पोरींच्या नावांपुढे 'नाव कमी' लिहायची वेळ आली तेव्हा गुरुजींनी हजेरीपट माझ्याकडे सरकवला. "हे माह्याच्यानं होत न्हाई." मी लिहिलं. माझं अक्षर चांगलं आहे, सातही ठिकाणी सारखं आलं. त्यांची बदली झाली, आणि दुसऱ्या वर्षी ते गेल्याचंच कळलं.

निवृत्तीनंतर एकदा त्या बाजूला गेलो होतो. धुऱ्याला लागून कमरेला ओटी बांधून एक बाई कापूस वेचत होती. मला पाहून थांबली. सुमन.

इकडचं तिकडचं बोलली. गुरुजी गेल्याचं तिला ठाऊक होतं. मी निघालो तशी हसत हसत म्हणाली, "मास्तर, माह्यं नाव अजून पटावर हाय का जी?"

"हाय ना," मी म्हणालो. "जाइन कुठं?"

ती पुन्हा वेचायला लागली. मी मात्र तिथेच उभा राहिलो, कोणीतरी येऊन माझी चूक दुरुस्त करील म्हणून.